अभ्यासमंडळे, ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील

औपचारिक शिक्षणसंस्थेच्या बाहेर, पदवी किंवा परीक्षा हे उद्दिष्ट न ठेवता, एखाद्या विषयाचे सामूहिक वाचन, चर्चा व नोंद यांसाठी ठराविक काळाने एकत्र येणारा नागरिकांचा गट म्हणजे अभ्यासमंडळ होय. व्याख्यानमालेहून ते वेगळे असते. व्याख्यानमालेत एकाने बोलावयाचे व इतरांनी ऐकावयाचे असते. अभ्यासमंडळात प्रत्येकाने काही वाचून यावयाचे असते. प्रत्यक्षात या दोहोंमधील सीमारेषा अनेकदा पुसट होते आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील अशा मंडळांच्या इतिहासात हीच मुख्य अडचण ठरलेली आहे. मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गावर वसलेल्या या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाचनालये, ग्रंथसंग्रह, पोथीवाचनाचे गट, इतिहासप्रेमी मंडळे आणि अलीकडच्या काळातील ‘कट्टे’ अशा निरनिराळ्या रूपांनी ही परंपरा चालत आली. स्थानिक इतिहास आणि तत्त्वज्ञान हे तिचे दोन प्रमुख विषय होत. जेथे मंडळासमोर मूळ साधन—पोथी, ताम्रपट, शिळा वा ग्रंथ—होते, तेथे टिकाऊ काम झाले. जेथे ते नव्हते, तेथे बहुधा श्रवणाचे समाधान तेवढे पदरी पडले, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका : सामूहिक श्रवणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. देवळातील पुराण, कीर्तन, चातुर्मासातील पोथी यांतून सामान्य माणसाला धर्म, नीती व काही प्रमाणात तत्त्वचिंतन यांचा परिचय होत असे. परंतु भारतीय परंपरेने ज्ञानप्राप्तीची श्रवण ही केवळ पहिली पायरी मानली. मनन व निदिध्यासन या तिच्या पुढील पायऱ्या होत. न्यायदर्शनाने चर्चेचेही तीन प्रकार केले : सत्यनिर्णयासाठी प्रमाणांच्या आधारे होणारा तो वाद; केवळ जिंकण्यासाठी होणारा तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष खोडून काढणे ही वितंडा. यांपैकी श्रवण देवळाच्या सभामंडपात सर्वांच्या वाट्याला आले. वाद मात्र पाठशाळांतील शास्त्रीमंडळींपुरता मर्यादित राहिला. आधुनिक अभ्यासमंडळाचे वैशिष्ट्य असे, की त्याने वादाची रीत निदान तत्त्वतः वकील, कारकून, शिक्षक व व्यापारी यांच्यापर्यंत आणली.

हे आधुनिक रूप मुंबईहून आले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली साहित्य व शास्त्रविषयक सभा आणि तिच्याशी संलग्न असलेली मराठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा यांत निबंध वाचणे व त्यावर चर्चा करणे ही पद्धत रुळली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सु. ३४ किमी. लांबीचा लोहमार्ग सुरू झाला व पुढच्याच वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईत सकाळी छापलेले पत्र त्याच दिवशी ठाण्यात वाचता येऊ लागले. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तेथे कचेरी, न्यायालय व शाळा यांच्या आश्रयाने सुशिक्षितांचा एक वर्ग आधीच होता. १८६६ मध्ये तेथे ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र निघाले, ही गोष्ट या वर्गाच्या वाचनभुकेची द्योतक आहे. कल्याणची परिस्थिती थोडी वेगळी होती. ते प्राचीन बंदर व मराठेशाहीतील सुभ्याचे ठाणे. परंतु ब्रिटिश अमदानीत त्याचे राजकीय महत्त्व ओसरले होते. लोहमार्गांचे जंक्शन म्हणून त्याला जे नवे जीवन मिळाले, त्यात वाचनालयाची स्थापनाही येते.

ग्रंथालये : कल्याण येथील सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. ठाण्यातील नगर वाचन मंदिराची परंपराही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. आरंभीची ही वाचनालये मुख्यतः वृत्तपत्रे व इंग्रजी पुस्तके यांसाठी होती. वर्गणीदारांची संख्या लहान, त्यांतील बहुतेक सरकारी नोकर, आणि त्यांची बदली झाली की वाचनालयाचा उत्साह मंदावावयाचा, असा प्रकार त्या काळी सर्वत्र आढळतो.

या चित्रात महत्त्वाचा फरक पडला तो १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले तेव्हा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ मधील. म्हणजे ठाण्याची संस्था तिच्याही पाच वर्षे आधीची. केवळ मराठी ग्रंथांचा, आणि शक्य तर मराठीत छापल्या गेलेल्या प्रत्येक ग्रंथाचा, संग्रह करावयाचा ही तिच्यामागील कल्पना त्या काळात धाडसाची होती. मराठीत संग्रह करण्याजोगे आहे तरी काय, असा प्रश्न विचारणारे सुशिक्षित तेव्हा कमी नव्हते. संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांनी या प्रश्नाचे उत्तर पुढे आपल्या ग्रंथानेच दिले.

भावे हे विज्ञानाचे पदवीधर व व्यवसायाने मिठाचे व्यापारी. विद्यापीठाशी त्यांचा अध्यापक म्हणून संबंध नव्हता. जुन्या मराठी कवींची हस्तलिखिते मिळविणे, ती ताडून पाहणे व छापणे हे काम त्यांनी स्वतःच्या खर्चाने केले. अप्रकाशित प्राचीन काव्य प्रसिद्ध करण्यासाठी १९०३ पासून त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा त्यांचा मराठी वाङ्मयाचा इतिहास प्रथम ‘ग्रंथमाला’ या मासिकातून निबंधरूपाने आला. १९१९ मध्ये त्याची बरीच वाढविलेली आवृत्ती निघाली. मधल्या काळात वि. का. राजवाडे यांनी महानुभाव पंथाच्या ‘सकळ’ या सांकेतिक लिपीची उकल केली होती. तिच्यामुळे मराठीतील आद्य गद्याचे दालन खुले झाले व भावे यांनी नव्या आवृत्तीत त्या वाङ्मयाला स्थान दिले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथास विस्तृत पुरवणी जोडली. भावे यांची काही मते नंतरच्या संशोधनात टिकली नाहीत. पण मूळ पोथी हाती घेतल्यावाचून कवीविषयी लिहावयाचे नाही ही त्यांची शिस्त टिकली. ठाण्यासारख्या गावात बसून, पदाचा वा वेतनाचा आधार नसताना, एक व्यापारी मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया घालू शकला, याचे कारण त्याच्याभोवती पोथ्या शोधणारे, त्या उतरून देणारे व त्यांवर वाद घालणारे स्नेही होते आणि त्या पोथ्या ठेवावयास एक सार्वजनिक जागा होती. या भागातील अभ्यासमंडळांच्या इतिहासातील हा सर्वांत फलदायी अध्याय होय.

स्थानिक इतिहास : या परिसराची ऐतिहासिक साधने विपुल व प्राचीन आहेत. कल्याणचा उल्लेख ‘पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात ‘कल्लिएना’ असा येतो. कान्हेरी येथील कोरीव लेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. ठाणे म्हणजे शिलाहारांच्या लेखांतील ‘स्थानक’. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट सापडला आणि त्याचे भाषांतर बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आले. भारतीय पुराभिलेखविद्येच्या अगदी आरंभीच्या वाचनांत ठाण्याचा हा पट मोडतो. मात्र तो वाचला गेला कलकत्त्यात. ठाण्यात त्याची वार्ता कोणास होती की नव्हती, हे सांगावयास काही साधन उरलेले नाही.

कल्याणजवळील अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या शिलालेखाची हकीकत अभ्यासमंडळांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी या लेखातील शकांक ७८२ असा वाचला, म्हणजे मंदिर इ. स. ८६० चे ठरले. हा काळ स्थापत्येतिहासाच्या तत्कालीन प्रमाणग्रंथांतही शिरला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा नवा ठसा घेऊन तो पुन्हा वाचला व अंक ९८२ (इ. स. १०६०) असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे मंदिर शिलाहार माम्वाणीच्या (मुम्मुणी) काळाशी नीट जुळले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फरक पडला. भाऊ दाजी हे काही सामान्य विद्वान नव्हते. तरीही दुसऱ्या डोळ्यांची गरज पडलीच. शिलालेख एकट्याने वाचू नये, असे जाणकार सांगतात त्यामागे असाच अनुभव आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यासंबंधीचे तेरावा व चौदावा हे खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८२ मध्ये निघाले. त्यांतील पुरातत्त्वविषयक मजकुरात भगवानलाल इंद्रजींचा मोठा वाटा आहे. सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन त्यांनी त्याच वर्षी केले. या खंडांमुळे जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या गावाला छापील इतिहास मिळाला आणि नंतरच्या स्थानिक लेखकांनी दीर्घकाळ त्यावरच गुजराण केली. गॅझेटिअरमधील परिच्छेद मराठीत उतरून त्यात देवस्थानाची आख्यायिका मिसळावयाची, या रीतीने तयार झालेल्या ग्रामेतिहासांची संख्या मोठी आहे. त्यांचा उपयोग नाही असे नाही. पण नवीन साधन त्यांतून क्वचितच पुढे येते. याला उत्तर कोकणापुरता सन्मान्य अपवाद म्हणजे राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’. तिच्या दीर्घ प्रस्तावनेतील निष्कर्षांवर मतभेद आहेत, तथापि उत्तर कोकणातील वस्ती, कुळे व सत्तांतरे यांविषयी एक देशी साधन तिने उपलब्ध करून दिले. शिलाहारांच्या लेखांचा समग्र संग्रह मात्र वा. वि. मिराशी यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये सिद्ध झाला. तेव्हापासून हौशी अभ्यासकालाही मूळ पाठ, वाचन व भाषांतर एका ठिकाणी पाहण्याची सोय झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्यात स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला पुन्हा संघटित रूप आले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांमुळे शहरात अध्यापकवर्ग निर्माण झाला होता. प्राच्यविद्या अभ्यास संस्थेने हस्तलिखितांचा संग्रह व चर्चासत्रे हे कार्य हाती घेतले. ज्ञानसाधना महाविद्यालयाचे प्राचार्य दाऊद दळवी यांनी लेणी व ठाणे शहर या विषयांवर लेखन केले. ‘असे घडले ठाणे’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. वर्गाबाहेरच्या लोकांना लेण्यांत नेऊन तेथेच शिकविण्याची त्यांची हातोटी होती. कोकण इतिहास परिषदेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. या परिषदेच्या वार्षिक अधिवेशनांत प्राध्यापकांच्या निबंधांबरोबर हौशी अभ्यासकांचे निबंधही वाचले जातात. ही गोष्ट १८४८ च्या सभेशी नाते सांगणारी आहे. सदाशिव टेटविलकर यांचे वीरगळांविषयीचे लेखन याच वातावरणातील होय.

वीरगळ व गधेगळ या दोन प्रकारच्या शिळांमुळे या मंडळांना खऱ्या अर्थाने स्वतःचे असे क्षेत्र मिळाले. वीरगळ म्हणजे लढाईत कामी आलेल्या वीराचे स्मारक. त्यावर सामान्यतः एकावर एक असे तीन किंवा अधिक पट असतात. खालच्या पटात युद्ध व वीराचे मरण, मधल्यात अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्यात शिवलिंगाची पूजा दाखविलेली असते. माथ्यावर कलश व चंद्रसूर्य असतात. साष्टीतील, सध्या बोरिवलीत मोडणाऱ्या, एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो. गधेगळ ही दानाचे रक्षण करणारी शापशिळा होय. दानाचा भंग करणाऱ्यास उद्देशून तिच्यावर शापवचन व गर्दभाचे अश्लील शिल्प कोरतात. त्यामुळेच अनेक ठिकाणी ती पालथी घातलेली किंवा शेंदूर फासून देव म्हणून पुजलेली आढळते. गावकऱ्यांनी तिला दिलेले नाव व अभ्यासकाने दिलेले नाव यांत पुष्कळदा काहीच साम्य नसते.

अशा शिळा ठाणे, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांतील गावांत विखुरलेल्या आहेत. त्यांतील फार थोड्या शासनाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत येतात. उरलेल्या तळ्याच्या काठी, देवळाच्या पारावर, शेताच्या बांधावर किंवा पायरीचा दगड म्हणून आढळतात. सुटीच्या दिवशी गावोगाव फिरणाऱ्या गटांचे काम येथून सुरू होते. शिळेचे नेमके ठिकाण, ती उभी आहे की पडलेली, उंची व रुंदी, दगडाचा प्रकार, पटांची संख्या व त्यांतील आकृती, अक्षरे असल्यास त्यांचा ठसा, गावातील प्रचलित नाव, पूजेचा दिवस व पूजा करणारे घराणे इतक्या बाबी टिपल्या गेल्या, तर ती नोंद पुढील संशोधकास उपयोगी पडते. प्रत्यक्षात छायाचित्र घेतले जाते व बाकीचे राहून जाते. शिळेच्या ठिकाणाची नोंद विशेष महत्त्वाची, कारण गधेगळ दान दिलेल्या भूमीवर वा तिच्या सीमेवर रोवलेली असते. ती उचलून देवळात आणून ठेवली, की तिच्यावरील लेखाचा अर्थ लागला तरी भूमीचा थांग लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगराची लोकसंख्या सु. १८.४ लाख व कल्याण–डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती. या वाढीबरोबर रस्ते, इमारती व मंदिरांचे जीर्णोद्धार होत गेले आणि त्यांत अनेक दगड जागचे हलले. जीर्णोद्धारात फरशी बसविताना जुनी शिळा बाजूस पडते, ती कोणी मुद्दाम नष्ट करतो असे नाही. अशा वेळी गावात तिची किंमत जाणणारा एखादा तरी माणूस असणे हाच तिचा एकमेव बचाव असतो.

अलीकडच्या दशकांत बौद्ध तरुणांच्या गटांनी लेण्यांच्या संवर्धनाकडे विशेष लक्ष दिले आहे. कान्हेरी, भिवंडी तालुक्यातील लोनाड इ. ठिकाणी साफसफाई, सामूहिक वंदना व ब्राह्मी लिपीचे शिक्षण असा त्यांचा क्रम असतो. लिपी शिकून दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव स्वतः वाचता येणे, याचा या तरुणांच्या मनावर होणारा परिणाम कोणत्याही व्याख्यानाने साधण्याजोगा नाही. इतिहासाच्या अभ्यासाची प्रेरणा येथे आत्मसन्मानाशी निगडित आहे आणि ती तशी असण्यात गैर काही नाही. मात्र प्रेरणा कोणतीही असो, अक्षर जसे आहे तसेच वाचावे लागते.

तत्त्वज्ञान : तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रातील सामूहिक अभ्यासाचा इतिहास अधिक संमिश्र आहे. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’नंतर (१९१५) गीतेचा अभ्यास हा सुशिक्षित मराठी घरांत एक गंभीर विषय झाला. १९२४ मध्ये पुण्यात गीताधर्म मंडळ स्थापन झाले आणि गीतेचे वर्ग गावोगाव सुरू होण्यास चालना मिळाली. ठाणे, कल्याण व पुढे डोंबिवली येथे गीता, ज्ञानेश्वरी, दासबोध यांच्या वाचनाचे गट देवळांत, वाड्यांत व नंतर सहनिवासांच्या गच्च्यांवर भरू लागले. स्त्रियांच्या भगिनीमंडळांचा त्यात मोठा सहभाग राहिला. दुपारची वेळ त्यांना सोयीची असे आणि पुरुषांच्या मंडळांपेक्षा त्यांची उपस्थिती अधिक नियमित असे, असा अनेकांचा अनुभव आहे. या गटांत मूळ ग्रंथ समोर असतो ही जमेची बाजू. परंतु ग्रंथ पूज्य असल्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ज्ञानेश्वरी अनेकांना मुखोद्गत असते. पण शंकराचार्यांच्या मायावादाशी ज्ञानेश्वरांच्या चिद्विलासवादाचे नाते काय, हा प्रश्न गटात उपस्थित झाला की तो वक्त्यावर सोपविला जातो.

पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांनी १९५६ मध्ये ठाण्यात स्थापन केलेले तत्त्वज्ञान विद्यापीठ हा या भागातील एक स्वतंत्र प्रयोग होय. १९५४ मध्ये जपानमधील धर्मपरिषदेस उपस्थित राहिल्यानंतर भारतीय व पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचे एकत्र, निवासी पद्धतीने अध्ययन व्हावे या हेतूने त्यांनी ते उभारले. त्यांच्या स्वाध्याय कार्याचा विस्तार पुढे गुजरात, महाराष्ट्र व परदेशांत फार मोठा झाला. १९९६ चा मॅगसायसाय व १९९७ चा टेंपल्टन हे पुरस्कार त्यांना मिळाले. साप्ताहिक केंद्रांतून चालणाऱ्या या कार्यात एकाच प्रवक्त्याचे विवेचन केंद्रस्थानी राहिले. त्यामुळे त्याला लोकसंघटनेचे असामान्य बळ मिळाले, परंतु परस्परविरोधी मतांच्या तुलनेला तेथे साहजिकच कमी वाव होता. ठाण्यातच १९६५ पासून कार्य करणाऱ्या घंटाळी मित्र मंडळाने योगाच्या प्रत्यक्ष साधनेबरोबर योगविषयक ग्रंथांच्या अध्ययनाचीही आवड निर्माण केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धर्मांतरानंतर (१९५६) बौद्ध विहारांत सुरू झालेले ग्रंथवाचन हे या परंपरेतील एक महत्त्वाचे, पण सुशिक्षितांच्या लेखनात बहुधा दुर्लक्षित राहिलेले अंग आहे. आषाढ ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने सामूहिक वाचन करण्याची प्रथा महाराष्ट्रभर रूढ झाली. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व ठाणे येथील कामगार वस्त्यांतील विहारही तिला अपवाद नाहीत. दिवसभर कारखान्यात वा रेल्वेत काम केलेले स्त्री-पुरुष रात्री एका प्रकरणाचे वाचन ऐकतात व नंतर शंका विचारतात. हा ग्रंथच मुळी चिकित्सेचे आवाहन करणारा आहे. बुद्धाने गृहत्याग का केला, कर्म व पुनर्जन्म यांचा आत्म्यावाचून अर्थ काय, असे प्रश्न ग्रंथकाराने प्रस्तावनेतच मांडले असल्यामुळे चर्चेला आरंभापासून वादाचे रूप येते. प्रस्तुत लेखकाच्या मते तत्त्वज्ञानाचा लौकिक अर्थाने सर्वांत व्यापक सामूहिक अभ्यास या परिसरात येथेच झाला.

विद्यापीठीय तत्त्वज्ञान मात्र या शहरांतील मंडळांपर्यंत उशिरा व अल्प प्रमाणात पोहोचले. भाषेची अडचण त्यात मोठी होती. पाश्चात्त्य दर्शनांतील संकल्पनांना मराठी प्रतिशब्द निश्चित नसल्याने चर्चा इंग्रजीकडे झुके व अर्धे सभासद गप्प बसत. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ (१९७४) हा त्रिखंडात्मक ग्रंथ निघाल्यावर ही उणीव बरीच भरून निघाली. वाईचे ‘नवभारत’ आणि १९९० मध्ये दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेले ‘आजचा सुधारक’ या मासिकांनीही चर्चेस विषय पुरविले. विवेकवाद, ईश्वराचे अस्तित्व, नीतीचा आधार इ. विषयांवरील लेख वाचून त्यांवर बोलणारे छोटे गट ठाणे व डोंबिवलीत आढळत. असे गट आठ-दहा जणांपलीकडे सहसा वाढत नाहीत; वाढले की त्यांची सभा होते.

डोंबिवली व प्रवासी वर्ग : डोंबिवलीचा विस्तार मुख्यतः मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाच्या वस्तीमुळे झाला. रोज जाण्यायेण्यात तीनचार तास घालविणाऱ्या माणसाला संध्याकाळ अशी उरत नाही. त्यामुळे येथील मंडळांचे वेळापत्रक रविवार सकाळभोवती फिरते व सभासदांत सेवानिवृत्तांचे प्रमाण अधिक असते. लोकलच्या डब्यात ठराविक सोबत्यांचे गट जमतात आणि त्यांत भजनाप्रमाणेच पुस्तकांची देवाणघेवाणही चालते. पु. भा. भावे व शं. ना. नवरे यांच्यासारख्या लेखकांच्या वास्तव्यामुळे शहराला साहित्यिक वळण मिळाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ व २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये भरले. संमेलनांनी उत्साह निर्माण केला, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचा परिणाम तात्कालिकच होता.

एकविसाव्या शतकात ठाण्यात ‘कट्टा’ हा प्रकार लोकप्रिय झाला. आचार्य अत्रे कट्टा हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. उद्यानात, विनाशुल्क, ठरलेल्या वारी भरणारी ही सभा कोणालाही खुली असते. तिचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. विशेषतः ज्येष्ठ नागरिकांना तिने घराबाहेर आणले. तथापि दर आठवड्यास नवा वक्ता व नवा विषय असल्याने एखाद्या प्रश्नाचा पाठपुरावा होणे कठीण जाते. सूर्यमालेवरील व्याख्यानानंतर पुढच्या आठवड्यात आहारशास्त्र आणि त्यानंतर शिवकालीन किल्ले, असा क्रम असला की श्रोता बहुश्रुत होतो. अभ्यासक होतोच असे नाही.

मर्यादा : या मंडळांचा सभासदवर्ग दीर्घकाळ प्रामुख्याने उच्चवर्णीय व नोकरदार असा राहिला. त्यामुळे त्यांनी लिहिलेल्या स्थानिक इतिहासात राजवंश, देवळे, पेशवेकालीन वाडे व नामवंत घराणी यांना जागा मिळाली. खाडीकाठचे आगरी व कोळी, मिठागरांत राबणारे मजूर आणि डोंगरपट्ट्यातील वारली, ठाकूर व कातकरी यांचा इतिहास बाहेर राहिला. वस्तुतः ज्या गावांच्या जमिनीवर ही शहरे उभी राहिली, त्या गावांतील देवस्थाने, शिळा व मौखिक परंपरा याच समाजांच्या ताब्यात आहेत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यात भरलेली किसान सभेची परिषद ही जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातील मोठी घटना. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तिने गती दिली. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचा वृत्तांत लिहिला नसता, तर कल्याणपासून हाकेच्या अंतरावर काय घडले, हे शहरी अभ्यासकांच्या ग्रंथांतून फारसे कळले नसते. धवला गाणाऱ्या आगरी वृद्ध स्त्रियांकडे लग्नविधीतील गीतांबरोबर कुळांच्या स्थलांतराच्या आठवणीही असतात. त्यांच्या नोंदी अलीकडे आगरी समाजातीलच शिक्षक व विद्यार्थी करू लागले आहेत.

दुसरी मर्यादा स्थानाभिमानाची. आपले गाव प्राचीन ठरावे, आपल्या देवळाचा संबंध शिलाहारांशी किंवा शिवाजी महाराजांशी जुळावा, ही इच्छा स्वाभाविक असते. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण–भिवंडी घेतली आणि तेथील खाडीत आरमाराची मुहूर्तमेढ रोवली, हा इतिहास पुरेसा गौरवास्पद आहे. त्याला आख्यायिकेची जोड देण्याची आवश्यकता नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा मात्र मंडळांच्या सभेत आजही निःशंकपणे सांगितली जाते व तिला समकालीन पुरावा कोणता असे विचारणारा सभासद अप्रिय होतो. अशा वेळी जल्प व वाद यांतील भेद पुस्तकी राहत नाही.

तिसरी अडचण दप्तराची आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने ग्रंथालयांना अनुदान व तपासणी यांची चौकट दिली. अभ्यासमंडळांना अशी कोणतीच चौकट नाही. बहुतेक मंडळे नोंदणीकृत नसतात, त्यांचे कामकाज एखाद्या उत्साही सभासदाच्या घरातून चालते आणि शिळांची मापे, ठसे, गावांच्या यादी व चर्चेची टिपणे त्याच्याच कपाटात राहतात. त्याच्या पश्चात घर बदलले वा इमारत पुनर्बांधणीस गेली, की वह्या रद्दीत जातात. ठाणे व कल्याण येथील जुन्या ग्रंथालयांकडे हस्तलिखिते व दुर्मीळ ग्रंथ जपण्याचा अनुभव आहे. मंडळांच्या टिपणवह्यांची एक प्रत त्यांच्याकडे ठेवण्याची पद्धत मात्र अद्याप रूढ झालेली नाही.